उभ्या गाडीतला उजेड

नर्सी नामदेव हे हिंगोली तालुक्यातलं कयाधूकाठचं गाव. संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना ते माहीत आहे. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे शीख मंडळीही इथे दर्शनाला येतात. दर वर्षी आषाढीआधी इथून नामदेवांची पालखी पंढरपूरला जाते. पायी चालणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहून झालं आहे. दिंडीबरोबर जी गाडी असते, तिच्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. राहुट्या, शिधा, शेगड्या, भांडी, वळकट्या, औषधांची पेटी असा सगळा संसार पोटात घेऊन हा ट्रक नाहीतर टेम्पो माणसांच्या आधी मुक्कामाला पोहोचतो आणि उभा राहतो. पाऊस लागला की म्हाताऱ्या मंडळींची झोपायची सोय ताडपत्रीखाली हौद्यातच होते. रात्री तिथेच गोळ्या शोधायच्या, पहाटे तिथेच वळकट्या बांधायच्या, आणि हे सगळं गाडीच्या बॅटरीवर लावलेल्या दोन-चार दिव्यांच्या उजेडात.

आता बहुतेक गाड्यांत जुने काचेचे बल्ब जाऊन एलईडी आले आहेत किंवा येत आहेत. यायलाच हवेत. पण त्याबरोबर एक तक्रारही ठरलेली असते: “घरातला एलईडी पाच वर्षं चालतो, गाडीतला पाच महिने टिकत नाही.” दुकानदार मालाला दोष देतो, मेकॅनिक दुकानदाराला, आणि ड्रायव्हर रस्त्याला. बहुतेक वेळा दोष असतो तो बल्ब बदलण्याच्या पद्धतीचा.

हा प्रश्न सगळ्यात बारकाईने सोडवला आहे तो शिडाच्या बोटींवर राहणाऱ्या लोकांनी. नर्सीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तेव्हा बोटींचं नाव इथे कुठून आलं असं वाटेल. पण दिंडीच्या ट्रकमध्ये आणि शिडाच्या बोटीत एक गोष्ट सारखी आहे. दोघांना इंजिन आहे आणि दोघांचं इंजिन बहुतेक वेळ बंद असतं. बोट वाऱ्यावर चालते. इंजिन लागतं ते बंदरात शिरताना-निघताना किंवा वारा पडला तर. पालखीबरोबरचा ट्रक एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जातो, म्हणजे दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटर, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत उभा. गाडीची विजेची सगळी रचना मात्र ती सतत पळते आहे असं धरून केलेली असते. इंजिन फिरतं, डायनॅमो बॅटरी भरतो, मग दिवे दहा वॉटचे असोत की वीस, कुणाला फरक पडत नाही. गाडी उभी राहिली की हे गणित मोडतं.

बोटींच्या बाबतीत मराठी माणसाला दूर जायचं कारण नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात नौदलासाठी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची बोट बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये ती घेऊन मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मेमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये याच बोटीवरून अभिलाष टॉमी वाटेत कुठेही न थांबता फिरून आले. त्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात प्रदक्षिणा केली. असल्या सफरीत आठवडेच्या आठवडे किनारा दिसत नाही. डिझेल निघताना भरलं तेवढंच. दिशादर्शक यंत्रं, रेडिओ, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, सगळं बॅटरीवर. अशा ठिकाणी केबिनमधला दिवा हा हिशोबाचा विषय होतो, आणि तो हिशोब अॅम्पिअर-तासांत करायचा असतो.

तोच हिशोब आपल्या ट्रकसाठी करून बघू.

अॅम्पिअर म्हणजे प्रवाह; तो किती तास घेतला त्याने गुणलं की अॅम्पिअर-तास. बॅटरीवर १०० अॅम्पिअर-तास असं लिहिलेलं असतं, पण ते सगळे आपले नसतात. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं तर ती लवकर मरते. त्यातून गाडीची बॅटरी बनवलेली असते सेल्फ मारण्यासाठी: पातळ आणि पुष्कळ पत्रे, दोन-तीन सेकंद शेकडो अॅम्पिअर द्यायचे आणि मग लगेच परत भरून घ्यायचं. रात्रभर थोडं-थोडं देत राहणं हे तिचं कामच नव्हे. म्हणजे १०० मधले फार तर ५० धरा, आणि सकाळी सेल्फ मारायला हवाच असेल तर त्याहूनही कमी.

हौद्यात दहा वॉटचे चार बल्ब आहेत असं समजू. चाळीस वॉट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे ३.३ अॅम्पिअर. संध्याकाळी सात ते अकरा चार तास आणि पहाटे दोन तास, असे सहा तास. झाले वीस अॅम्पिअर-तास. तेवढाच उजेड देणारे एलईडी साधारण दोन-दोन वॉटचे असतात. आठ वॉट म्हणजे पाऊण अॅम्पिअरच्या आत. सहा तासांचे चार अॅम्पिअर-तास. रोजचे सोळा वाचले. दुसऱ्या बाजूला, तासाभराच्या संथ प्रवासात सुस्थितीतला डायनॅमो वीस-पंचवीस अॅम्पिअर-तास परत टाकू शकला तरी पुष्कळ झालं. म्हणजे जुने बल्ब असताना गाडी जेमतेम बरोबरीत होती, एलईडीने ती फायद्यात आली.

पण याच हौद्यात आणखी काय चालतं ते बघा. दिंडीतले वीस मोबाइल रात्री चार्जिंगला लागतात. एका फोनला, वाटेतली गळती धरून, वीस वॉट-तास लागतात. वीस फोनचे चारशे, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३३ अॅम्पिअर-तास. चार दिव्यांनी पूर्वी खाल्ले त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि एलईडीने आता खातात त्याच्या आठपट! सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ आली की शिव्या दिव्यांना बसतात. खरा खाणारा शांतपणे खिशात असतो. बोटीवाले नवी वस्तू घेताना आधी कागदावर अशी बेरीज करतात, आणि बऱ्याचदा कळतं की दिवे बदलून फायदा आहेच, पण दुखणं दिव्यांचं नव्हतं.

त्यांची दुसरी सवयही घेण्यासारखी आहे. बहुतेक बोटींवर दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवतात: एक इंजिनची, एक घरची. घरची पार उतरली तरी इंजिन सुरू होतं. दिंडीच्या गाडीत हे सहज जमतं. इन्व्हर्टरला वापरतात तशी जाड पत्र्यांची ट्युब्युलर बॅटरी दिवे आणि मोबाइलसाठी ठेवायची, गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही. ती भरायला टपावर सोलर पॅनेल लावता येतं. शंभर वॉटचं पॅनेल निरभ्र दिवशी तीसेक अॅम्पिअर-तास देतं. आषाढात आभाळ भरलेलं असतं, तेव्हा त्याच्या पाव भागावर समाधान मानायची तयारी ठेवावी. ही बॅटरी माणसं झोपतात तिथे उशाशी मात्र नको. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेटतो, आणि शेगड्या त्याच गाडीत असतात.

आता बल्बाकडे.

काचेचा बल्ब म्हणजे टंगस्टनची तार. तिला प्रवाह कुठल्या दिशेने येतो, किती स्थिर येतो, याची पर्वा नसते. तापते आणि प्रकाशते. मिळालेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णतेत जातो, म्हणून एका वॉटमागे उजेड दहा-पंधरा ल्युमेनच. व्होल्टेज कमी पडलं तर ती मंद होते, इतकी की बॅटरी उतरत चालल्याचं माणसाला नुसत्या डोळ्यांनी कळतं. साडेतेरा व्होल्टवर जितका उजेड पडतो त्याच्या साठ टक्क्यांहून कमी साडेअकरा व्होल्टवर पडतो. अकोला-पूर्णा रेल्वे मीटरगेज होती तेव्हाचे प्रवासी हे ओळखतील. जुन्या डब्यांत दिव्यांची वीज चाकाच्या आसावर फिरणाऱ्या डायनॅमोतून आणि डब्याखालच्या बॅटरीतून यायची. गाडी स्टेशनात रखडली की दिवे पिवळे, मग तांबूस. बॅटरी कमी होत असल्याची ती सूचनाच होती.

एलईडी ही सूचना देत नाही. चांगला एलईडी अकरा व्होल्टपर्यंत अगदी तसाच पांढरा जळत राहतो आणि मग एकदम सगळं बंद. म्हणून एलईडी लावले की शेजारी एक छोटं व्होल्टमीटर लावायचं. बंद गाडीत, दिवे-बिवे बंद करून थोडा वेळ गेल्यावर, १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे संपल्यात जमा. हे तीन आकडे ड्रायव्हरला पाठ असावेत.

एलईडी हा अर्धवाहकाचा तुकडा. निळा प्रकाश देणारा तेजस्वी एलईडी १९९० च्या दशकात जमला, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एका रंगाच्या दिव्यासाठी नोबेल हे नवल वाटेल, पण निळा आल्याशिवाय पांढरा होत नव्हता: निळ्या चकतीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर देतात, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. एका वॉटमागे शंभराहून जास्त ल्युमेन आता साधी गोष्ट झाली आहे.

या तुकड्याला व्होल्टेजपेक्षा प्रवाहाची काळजी जास्त. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. स्वस्तातल्या १२ व्होल्टच्या दिव्यात तीन एलईडी ओळीने जोडतात, त्यांचे झाले नऊ, आणि उरलेले तीन व्होल्ट एका रोधावर, म्हणजे रेझिस्टरवर, टाकून देतात. टेबलावर बरोबर १२ व्होल्ट दिले तर हे छान चालतं. पण गाडीत १२ व्होल्ट हा आकडा फक्त कागदावर असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ पर्यंत जातात. एलईडींचे नऊ तसेच राहतात, रोधावर तीनाऐवजी ५.४ येतात. प्रवाह जवळपास १.८ पट होतो, रोधात तयार होणारी उष्णता तिपटीच्या वर जाते. म्हणजे गाडीतला एलईडी मरतो तो उभ्या गाडीत नव्हे, चालत्या गाडीत दिवा चालू राहिला तर, किंवा मुक्कामावर सोलर पॅनेल बॅटरी भरत असताना. घरातला एलईडी पाच वर्षं का टिकतो आणि गाडीतला का नाही, त्याचं मोठं उत्तर इथे आहे.

उपायही सोपा आहे. दिव्यावर नुसतं ‘१२ व्होल्ट’ न लिहिता ‘१० ते ३० व्होल्ट’ असा पट्टा लिहिलेला असेल तर आत प्रवाह स्थिर ठेवणारं छोटं सर्किट आहे, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आत आलेलं व्होल्टेज ११ असो की १५, एलईडीला तेवढाच प्रवाह जातो. महाग पडतो, पण एकदाच पडतो. लिहिलेलं खरं आहे का हे तपासायला मल्टीमीटर पुरतो. एकदा गाडी बंद ठेवून आणि एकदा इंजिन चालू ठेवून दिव्याचा प्रवाह मोजायचा. व्होल्टेज वाढल्यावर प्रवाह थोडा कमी झाला किंवा तेवढाच राहिला तर आत ड्रायव्हर आहे. व्होल्टेजबरोबर प्रवाहही वाढला तर रोधाचा माल आहे. दुकानदाराशी वाद घालायची गरजच नाही.

मोठ्या ट्रकांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांत १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे १२ चा दिवा थेट लावला तर तो लावल्या-लावल्या जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काय करतात? दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढून १२ व्होल्ट घेतात आणि त्यावर टेप, दिवे, चार्जर चालवतात. ही युक्ती सर्रास दिसते आणि ती दोन्ही बॅटऱ्या मारते. एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी भरलेली राहते. डायनॅमो दोन्हींना एकत्रच भरतो, त्यामुळे पहिली कधी पूर्ण भरत नाही आणि दुसरी वाजवीपेक्षा जास्त भरून आतलं पाणी उडवते. १० ते ३० व्होल्टचा दिवा थेट २४ वर चालतो. मोबाइलसाठी २४ चे ५ व्होल्ट करणारे चार्जर मिळतात. त्या एका बॅटरीवरची वायर आजच काढून टाकावी.

आणखी एक गावठी प्रयोग बंद व्हायला हवा. डायनॅमो चार्ज करतो की नाही हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक तार काढायची, इंजिन बंद पडलं नाही तर डायनॅमो ठीक. जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. बॅटरी ही त्या सगळ्या रचनेतली धक्के गिळणारी गोष्ट. ती चालू डायनॅमोवरून अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर ५० च्याही वर उडी मारू शकतं. काचेच्या बल्बाची तार तेवढा क्षण सहन करते. एलईडीचा ड्रायव्हर नाही करत, आणि कधी-कधी डायनॅमोतले डायोडही नाहीत.

बोटीवर जुना दिवा बदलताना नवशिक्याला अडवते ती दिशा. एलईडी एकाच दिशेने प्रवाह नेतो; उलटा लावला तर पेटत नाही. गाडीतल्या केबिनच्या दिव्यात सहसा काचेच्या छोट्या नळीचा, दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला बल्ब असतो, दोन पत्त्यांच्या मधे दाबून बसवलेला. त्याच आकाराचा एलईडी बसवून लागला नाही तर दुकानात परत करू नका, काढून उलटा बसवा. काही दिव्यांत चार डायोडांची जोडणी असते, ते कुठल्याही बाजूने लागतात.

वायरींच्या बाबतीत मात्र बोट आणि ट्रक वेगळे पडतात. ट्रकात ऋण तार सांगाड्याला जोडलेली असते, म्हणून दिव्याला एकच वायर नेली तरी भागतं. परतीचा रस्ता लोखंडी बॉडीतून. बोटीवर असं केलं तर खाऱ्या पाण्यात भलतीकडून प्रवाह वाहू लागतो आणि धातूचे भाग झपाट्याने खाल्ले जातात, म्हणून तिथे प्रत्येक दिव्याला जाती-येती दोन स्वतंत्र वायरी, आणि त्याही कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या. ट्रकाला समुद्राची भीती नाही, पण पावसाळ्यात बॉडीवरचा अर्थिंगचा स्क्रू गंजतो आणि दिवा लुकलुकतो. लुकलुकणारा एलईडी बदलण्याआधी तो स्क्रू काढून खाली घासून परत आवळा, वर व्हॅसलीन लावा.

फ्यूजबद्दल एक गैरसमज आहे. एलईडी कमी प्रवाह घेतो म्हणून फ्यूजची गरज उरली नाही असं काहींना वाटतं. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. हौद्यात वायर ताडपत्रीच्या कडीला घासून सोलली आणि बॉडीला टेकली तर दिवा दोन वॉटचा आहे की वीसचा याचा काही संबंध राहत नाही. बॅटरी शेकडो अॅम्पिअर ओतते, वायर लाल होते, आणि जवळ गवत, गोणपाट, गॅस सिलिंडर असतात. बॅटरीपासून वीतभर अंतरावर, वायरीच्या जाडीला साजेल असा फ्यूज हवाच. एलईडीमुळे फायदा इतकाच की आता तो फ्यूज आणखी लहान घेता येतो.

उष्णतेविषयीही असाच गैरसमज. एलईडी गार असतो हे अर्धसत्य आहे. त्याच्या उजेडातून उष्णता येत नाही, ती मागच्या बाजूला साचते आणि तिला बाहेर जायला वाट लागते. खोक्यावर लिहिलेले ५० हजार तास थंड राहिलेल्या चकतीचे असतात, आणि तेही उजेड सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचे. बंद प्लॅस्टिकच्या डबीत, मराठवाड्याच्या मे महिन्यात, उन्हात उभ्या लोखंडी टपाखाली तो दिवा लावला की चकतीआधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर मरतो. त्याचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून मोठ्या वॉटचा एक दिवा लावण्यापेक्षा लहान वॉटचे दोन लावावेत, आणि मागे अॅल्युमिनियमची पट्टी असलेले बघावेत.

आता रंग, ज्याच्याकडे खरेदी करताना सगळ्यात कमी लक्ष जातं आणि ज्याचा त्रास रोज होतो. बाजारात गाडीसाठी मिळतात ते बहुतेक निळसर पांढरे, ६५०० केल्विनचे. झगझगीत दिसतात म्हणून खपतात. आषाढात, शेतालगतच्या मुक्कामावर असा दिवा लावून बघा: पाखरं, उडते किडे, चतुर, सगळी फौज ताडपत्रीखाली. किड्यांच्या डोळ्यांना निळा आणि अतिनील प्रकाश जास्त जाणवतो. पिवळसर, २७०० केल्विनच्या दिव्याकडे ते कमी येतात. पूर्ण थांबत नाहीत, पण पिठल्यात पडणाऱ्यांची संख्या घटते. झोपेच्या दृष्टीनेही पिवळसर बरा, कारण रात्री निळा प्रकाश शरीराला अजून दिवस आहे असं भासवतो. औषधाच्या पट्टीवरचं बारीक अक्षर किंवा जखमेचा रंग नीट दिसायला हवा असेल तर रंग खरे दाखवण्याचा आकडा बघावा. त्याला सीआरआय म्हणतात. ८० च्या वर हवा, ९० असेल तर उत्तम. हा आकडा खोक्यावर छापलेलाच नसेल तर दिवा औषधांच्या पेटीवर लावू नये.

बोटींवर नकाशाच्या टेबलावर लाल दिवा असतो. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात जाते. गडद लाल प्रकाश रात्री काम करणाऱ्या दृष्टिपेशींना जवळजवळ दिसत नाही, म्हणून नकाशा वाचूनही बाहेरचा अंधार दिसत राहतो. दिंडीच्या ट्रकात हौद्याच्या फळकुटापाशी, पायाजवळ, अर्ध्या वॉटचा एक लाल दिवा रात्रभर ठेवला तर त्याची किंमत पूर्ण रात्रीची अर्धा अॅम्पिअर-तासही नाही. रात्री उठणाऱ्या आजींना पायरी दिसते, बाकीच्यांची झोप मोडत नाही.

रेडिओची खरखर हा असाच एक प्रश्न, जो बोटीवाल्यांना आधी कळला. ड्रायव्हर सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन प्रवाह सांभाळतं, आणि निकृष्ट असेल तर त्या गडबडीत रेडिओलहरी सोडतं. २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने याबद्दल इशारा काढला होता: एलईडी दिव्यांमुळे जहाजावरच्या व्हीएचएफ रेडिओत आणि जहाजांची ओळख सांगणाऱ्या यंत्रणेत अडथळे येतात. समुद्रात मदतीचा संदेश ऐकू न येणं किती महागात पडेल ते सांगायला नको. आपल्याकडे फार तर एफएमवरचं कीर्तन खरखरेल, किंवा भजनाच्या माइकमध्ये गुणगुण येईल. तपासणी त्याच पद्धतीने करता येते: रेडिओ एका शांत जागी लावायचा, जिथे केंद्र नीट लागत नाही, आणि दिवा चालू-बंद करायचा. आवाज बदलला तर तो दिवा माइकच्या वायरपासून लांब.

केबिनमध्ये मनासारखे बदल करा, बाहेरच्या दिव्यांना मात्र हात लावू नका. बोटींच्या बाहेरच्या दिव्यांना आंतरराष्ट्रीय नियम आहेत: लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, प्रत्येक ठरावीक कोनात आणि ठरावीक मैलांवरून दिसणारा. रंगीत काचेमागचा बल्ब काढून पांढरा एलईडी घातला की कोन आणि रंग दोन्ही बिघडतात. ट्रकाच्या मागच्या लाल दिव्याचंही तसंच. पांढऱ्या एलईडीत गडद लाल कमी असतो, लाल काचेतून तो फिका, गुलाबी दिसतो. पालखीच्या रस्त्यावर अंधारात चालणारी माणसं आणि मागून येणारी वाहनं यांच्यात तोच एक लाल दिवा असतो. तो कंपनीने दिला तसाच ठेवावा.

एवढं सगळं करूनही एखादा एलईडी वाटेत जाईलच, आणि गेला की त्याची दुरुस्ती रस्त्यात होत नाही. तेव्हा काढलेले जुने बल्ब फेकू नका. कापडात गुंडाळून चार बल्ब, फ्यूजचं एक पाकीट आणि वीतभर जादा वायर औषधाच्या पेटीशेजारी ठेवा, आणि नर्सीहून निघण्याआधी गाडी एक रात्र अंगणात उभी करून, सगळे दिवे आणि सगळे मोबाइल लावून, सकाळी व्होल्टमीटर वाचा. १२.२ च्या खाली असेल तर दुसरी बॅटरी घेतल्याशिवाय निघू नका.